प्रक्षुब्ध प्रवाहाची कड कशी ओळखावी आणि मोजावी: नागपुरातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे नागपूरहून जाताना धुराड्यांतून निघालेला लोट लांबूनच दिसतो आणि त्याची कड बहुतेक वेळा आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट असते. आत सगळी उलथापालथ चालू असते, बाहेरची हवा मात्र त्या मानाने शांत असते, आणि या दोहोंमध्ये हळूहळू विरळ होत जाणारा पट्टा दिसण्याऐवजी खाचाखोचांनी भरलेली, सतत हलणारी एक पातळ सीमा दिसते. प्रक्षुब्ध म्हणजे टर्ब्युलंट भाग आणि अप्रक्षुब्ध भाग यांच्यामधली ही सीमा हा प्रवाहशास्त्रातील गेल्या सुमारे ऐंशी वर्षांचा अभ्यासविषय आहे. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आणि या विषयात प्रथमच हात घालणाऱ्या विद्यार्थ्याला घरी किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती कशी पाहता येईल, कशी मोजता येईल आणि कोणत्या ठिकाणी फसगत होण्याचा संभव असतो, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे द्रवगतिशास्त्र आणि थोडेफार पायथन येत असले, तर पुढचे सर्व करता येईल.

पहिली पायरी: सीमा कशाची, हे आधी ठरवा

नवशिक्यांचा पहिला गैरसमज असा असतो की सीमेच्या आत प्रवाह हलतो आणि बाहेर तो स्थिर असतो. प्रत्यक्षात बाहेरचा द्रवही (या लेखात द्रव म्हणजे हवा किंवा पाणी, वाहणारे काहीही) हलतो, त्याच्या वेगात चढउतारही असतात, आणि केवळ वेगाचे चढउतार मोजणारे उपकरण सीमेच्या बाहेर ठेवले तर तेही लहरी दाखवते. फरक आहे तो भ्रमणाचा. आतल्या द्रवाचा प्रत्येक लहान कण स्वतःभोवती फिरत असतो, म्हणजेच तेथे व्हॉर्टिसिटी असते. बाहेरच्या द्रवाचे कण पुढेमागे सरकतात, ताणले जातात, पण स्वतःभोवती फिरत नाहीत. आतल्या मोठ्या भोवऱ्यांच्या दाबामुळे बाहेर जे चढउतार निर्माण होतात, ते अंतराबरोबर फार झपाट्याने विरतात. ओ. एम. फिलिप्स यांनी १९५५ मध्ये दाखवले की सीमेपासून पुरेसे दूर गेल्यावर या चढउतारांची ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की ऊर्जा सोळापट कमी होते.

ही सीमा इतकी स्पष्ट का असते, याचे उत्तरही व्हॉर्टिसिटीच्या समीकरणातच आहे. घनता सगळीकडे सारखी असेल, तर त्या समीकरणात व्हॉर्टिसिटी वाढवणारे मुख्य पद भोवरे ताणले जाण्याचे असते. पण ते पद आधीपासून असलेल्या व्हॉर्टिसिटीलाच गुणते, आणि जेथे व्हॉर्टिसिटी शून्य आहे तेथे कितीही ताणले तरी शून्यच उरते. म्हणून न फिरणाऱ्या द्रवाला फिरायला लावण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे श्यानतेमुळे (व्हिस्कॉसिटीमुळे) होणारा प्रसार, आणि हा प्रसार अगदी शेजारच्या द्रवापर्यंतच पोहोचतो. स्टॅनली कॉर्सिन आणि अ‍ॅलन किस्लर यांनी १९५५ च्या आपल्या अहवालात हाच युक्तिवाद करून असे मांडले की सीमेवर एक अत्यंत पातळ थर असला पाहिजे, ज्यात श्यानतेचेच राज्य चालते आणि ज्याची जाडी प्रवाहातील सर्वांत लहान भोवऱ्यांच्या मापाची, म्हणजे कोल्मोगोरोव्ह लांबीच्या जवळपासची असते. संगणकावरील अलीकडच्या गणनांमध्ये हा थर खरोखर सापडला. तो कोल्मोगोरोव्ह लांबीच्या सुमारे चार ते पाच पट जाड असतो आणि त्याच्या आतल्या बाजूचा संक्रमणथर धरला तर एकूण जाडी दहा ते पंधरा पटींच्या घरात जाते.

माझ्या मते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याची गोष्ट ही: खरी व्याख्या व्हॉर्टिसिटीची आहे, आणि आपण रंग, धूर, तापमान किंवा वेग यांपैकी जे काही मोजू, ते त्या व्याख्येचे कमीअधिक विश्वासू प्रतिनिधी आहेत. पुढच्या प्रत्येक पायरीत आपला प्रतिनिधी कोठे दगा देईल, एवढे तपासत राहायचे आहे.

दुसरी पायरी: डोळा तयार करा

यासाठी उन्हाळ्यातील नागपूर फार सोयीचे आहे, कारण जवळपास प्रत्येक घरात खिडकीला कूलर असतो आणि कूलरमधून खोलीत शिरणारा हवेचा झोत हा जेटचा, म्हणजे तोंडातून जोराने बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा, उत्तम नमुना आहे. झोताच्या मध्यरेषेपासून हातभर बाजूला पेटती उदबत्ती धरा आणि तिच्या टोकाजवळच्या धुराकडेच लक्ष द्या, कारण वीतभर वर गेल्यावर उदबत्तीचा धूर स्वतःच प्रक्षुब्ध होतो. धूर वर जाता जाता संथपणे झोताकडे कलताना दिसेल. तो किंचित डोलेल, पण त्याची रेषा तुटणार नाही. उदबत्ती हळूहळू झोताकडे नेत गेलात की एका ठिकाणी तीच रेषा क्षणात फाटते, मग पुन्हा जुळते, पुन्हा फाटते. झोताची कड तेथून येजा करीत असते. एका जागी स्थिर धरलेल्या उदबत्तीला कधी आतला द्रव भेटतो, कधी बाहेरचा. या आलटून पालटून येण्याचे मोजमाप आपण सहाव्या पायरीत करणार आहोत.

कोराडी किंवा खापरखेड्याच्या शीतकरण मनोऱ्यांवरचे पांढरे ढग पाहताना मात्र सावध राहावे. तेथे दिसते ती पाण्याच्या थेंबांची कड. कोरड्या हवेत थेंब लवकर वाळतात, त्यामुळे मे महिन्यात पांढरा लोट थोड्याच उंचीवर संपल्यासारखा दिसतो, पण प्रक्षुब्ध हवा अदृश्य होऊन पुढे जातच असते. जूनमध्ये शहरावर उठणाऱ्या कापशी ढगांचेही तसेच: ढगाच्या कडेला थेंबांचे बाष्पीभवन होऊन थंड झालेली हवा ढगाभोवती खाली उतरत असते, तीही प्रक्षुब्ध असते आणि ती ढगाच्या दिसणाऱ्या कडेबाहेर असते. वीटभट्टीच्या धुराड्याचा काळा धूर त्या मानाने अधिक प्रामाणिक, कारण काजळी वाळून जात नाही.

तिसरी पायरी: पाण्यातील जेट उभा करा

मोजमापासाठी हवेपेक्षा पाणी बरे. ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद व उंच अशी माशांची काचेची टाकी घ्या. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइपची नळी इतवारीतील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते; तिचे एक टोक वर ठेवलेल्या रुंद तोंडाच्या डब्याला आणि दुसरे टोक ५० मिलिलिटरच्या सिरिंजच्या पुढच्या भागाला जोडून ते टाकीच्या अरुंद बाजूला, मध्यउंचीवर, आडवे बसवा. सिरिंजच्या टोकाचे छिद्र सुमारे २ मिलिमीटरचे असते, पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून त्यात ड्रिलचे वेगवेगळ्या मापांचे बिट घालून पाहून व्यास ठरवा. डब्यातील पाण्याची पातळी टाकीतील पातळीपेक्षा किती वर ठेवायची, हे गणिताने ठरवत बसण्यापेक्षा मोजून ठरवावे. घर्षण नसते तर सेकंदाला १ मीटर वेगासाठी ५ सेंटीमीटर पुरले असते. प्रत्यक्षात १० ते १५ लागतात. डबा रुंद असला की अर्ध्या मिनिटाच्या प्रयोगात पातळी जाणवण्याइतकी उतरत नाही.

वेग मोजण्यासाठी, टाकी भरण्यापूर्वी, नळीचे टोक मोजपात्रात तितक्याच उंचीच्या फरकाने सोडा आणि १०० मिलिलिटर पाणी जमायला किती वेळ लागतो ते पाहा. समजा ३० सेकंद लागले. मग सेकंदाला ३.३ मिलिलिटर पाणी २ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून जाते, म्हणजे वेग सेकंदाला जवळजवळ १.०६ मीटर झाला. ३० अंश सेल्सिअसला पाण्याची गतिक श्यानता सेकंदाला सुमारे ०.८ चौरस मिलिमीटर असते, त्यावरून रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास भागिले गतिक श्यानता) साधारण २,६०० येतो. जेटला प्रक्षुब्ध व्हायला हा अंक पुरतो. जेरी वेस्टरवील आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच सीमेवर जो गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला, त्याचाही रेनॉल्ड्स अंक सुमारे २,००० एवढाच होता, तेव्हा आपली टाकी लहान आहे म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही.

आता नागपूरला खास लागू पडणारी एक अडचण. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी ४० अंशांपर्यंत तापलेले असते आणि फिल्टरचे किंवा माठातले पाणी २५ अंशांच्या आसपास असते. एक डब्यात आणि दुसरे टाकीत घेतले, तर घनतेत सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण वर दिलेल्या आकड्यांनी हिशेब केला, तर सुमारे २० सेंटीमीटर अंतरावर उत्प्लावक बल जेटच्या मूळ जोराच्या बरोबरीला येते आणि आपला आडवा जेट वर किंवा खाली वाकू लागतो. म्हणून टाकीतले आणि डब्यातले पाणी एकाच बादलीतून भरा, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी लवकर प्रयोग करा. त्या वेळी खोलीतला कूलर बंद असावा, नाहीतर पाण्याचा पृष्ठभाग हलत राहतो आणि बाष्पीभवनाने वरचा थर थंड होऊन खाली उतरू लागतो.

प्रयोग किती वेळ चालवायचा, हेही आधीच ठरवावे. जेट सुरू झाल्यावर त्याचे पुढचे तोंड २५ सेंटीमीटर ओलांडायला काही सेकंद घेते आणि समोरच्या काचेवर आदळायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो, कारण अंतराबरोबर त्याचा वेग मंदावत जातो. पहिली १० सेकंदे टाकून द्या, नंतरची सुमारे २० सेकंदे वापरा, आणि समोरच्या भिंतीवरून रंग परत फिरू लागला की लगेच थांबा. एकदा आदळून परतलेले रंगीत पाणी टाकीत पसरले की रंग आणि प्रक्षुब्धता यांचा संबंध तुटतो: रंग टिकून राहतो, भोवरे मरून जातात. पुढच्या खेपेला पाणी बदलणेच चांगले.

चौथी पायरी: छेद पाहा, सावली नको

पोटॅशियम परमँगनेट टाकून मागून दिवा लावला की जेट सुंदर दिसतो. पण त्या छायाचित्रात दिसणारी कड ही टाकीच्या संपूर्ण जाडीतून दिसणारी बाह्यरेषा असते. पुढची एखादी फुगी मागची खाच झाकते आणि सीमा आहे त्यापेक्षा गुळगुळीत वाटते. आपल्याला हवा आहे तो छेद. त्यासाठी डब्यातील पाण्यात सोडियम फ्लुओरेसिनची अगदी चिमूटभर पूड मिसळा आणि टाकीवर वरून प्रकाशाचा पातळ पडदा टाका. वर्गात असतो तो प्रोजेक्टर येथे छान उपयोगी पडतो: संपूर्ण काळ्या स्लाइडवर एक बारीक निळी रेघ काढून ती जेटच्या अक्षावर पाडली की दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पडदा मिळतो. फ्लुओरेसिन निळा प्रकाश शोषून हिरवा सोडते, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे पिवळा जिलेटिन कागद धरला की निळी पार्श्वभूमी गळून पडते. लेझर पॉइंटर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. काचेवरून परावर्तित झालेला किरण डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे सुरुवातीला प्रोजेक्टरवरच भागवावे.

जेटच्या तोंडापासून १५ ते २५ सेंटीमीटर हा भाग चित्रात पकडा. २० सेंटीमीटरवर मध्यरेषेवरचा वेग सेकंदाला सुमारे ६ सेंटीमीटर उरलेला असतो, आणि वेग निम्मा होण्याचे अंतर मध्यरेषेपासून साधारण २ सेंटीमीटर असते. या आकड्यांवरून कोल्मोगोरोव्ह लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे श्यान थर सुमारे १ मिलिमीटर आणि संपूर्ण सीमाथर अडीच ते साडेतीन मिलिमीटर जाड असणार. एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा पडेल इतका कॅमेरा जवळ आणा आणि प्रकाश पुरत असेल तर एक्स्पोजर सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी ठेवा. पण चित्र कितीही बारीक घेतले तरी पडद्याच्या जाडीपेक्षा, म्हणजे २ मिलिमीटरपेक्षा लहान घड्या त्यात पुसटच येणार, हे विसरू नका.

येथे एक दिलासाही आहे. पाण्यात रंगाचे रेणू इतके सावकाश पसरतात की त्यांच्या तुलनेत व्हॉर्टिसिटी हजारपटींहून वेगाने पसरते. म्हणून रंगाची कड व्हॉर्टिसिटीच्या कडेच्या किंचित आत राहते, पण दोन्ही एकाच तोंडातून निघालेली असल्यामुळे एकमेकींना फारशी सोडत नाहीत. हवेतील तापमानाबद्दल असे म्हणता येत नाही. तेथे उष्णता आणि व्हॉर्टिसिटी जवळपास सारख्याच वेगाने पसरतात.

पाचवी पायरी: उंबरठा निवडणे

सगळा वाद येथे होतो, आणि नवशिक्यांच्या अहवालांत हीच पायरी एका ओळीत गुंडाळलेली असते. चित्रातील प्रत्येक पिक्सेलची तेजस्विता ठरावीक उंबरठा मूल्याच्या वर असेल तर तो आत, खाली असेल तर बाहेर, एवढीच रीत आहे. पण उंबरठा कोणता? तो खाली नेला की पडद्याचे विखुरलेले अंधुक तेजही प्रक्षुब्ध ठरते. वर नेला की जेटच्या आतल्या कमी रंगाच्या जागा भोके होऊन बाहेर पडतात.

आधी रिकाम्या टाकीचे, म्हणजे रंग सोडण्यापूर्वीचे, सरासरी चित्र प्रत्येक चित्रातून वजा करा. मग प्रत्येक अंतरावरची तेजस्विता त्याच अंतरावरच्या मध्यरेषेच्या सरासरी तेजस्वितेने भागा, कारण जेट पुढे जाताना रंग विरळ होत जातो आणि एकच निरपेक्ष उंबरठा सगळीकडे लावला तर दूरचा जेट विनाकारण अरुंद भासतो. आता कडेजवळच्या पट्ट्यातील सर्व पिक्सेलांचा वारंवारता आलेख काढा. त्यात शून्याजवळ एक टोकदार उंचवटा दिसला पाहिजे, तो न मिसळलेल्या पाण्याचा; आणि त्याच्या उजवीकडे पसरट दुसरा उंचवटा, तो जेटमधल्या पाण्याचा. उंबरठा या दोहोंमधल्या दरीत ठेवायचा.

तेवढ्यावर थांबू नका. उंबरठा मध्यरेषेच्या सरासरीच्या ५ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत बदलत न्या आणि आत आलेल्या भागाचे क्षेत्रफळ प्रत्येक वेळी नोंदवा. आलेखात जेथे क्षेत्रफळ सर्वांत कमी बदलते, तो सपाट पट्टा तुमच्या मोजमापाची ताकद सांगतो. पट्टा लांब असेल, तर सीमा खरोखर पातळ आहे आणि तुम्ही ती पकडली आहे. पट्टा सापडलाच नाही, तर उंबरठा निवडत बसण्यात अर्थ नाही, आधी प्रकाशव्यवस्था सुधारावी लागेल. हा आलेख अहवालात छापावा, असा माझा आग्रह आहे. त्याशिवाय पुढे दिलेला कोणताही आकडा वाचणाऱ्याला तपासता येत नाही.

उंबरठा लावल्यावर मुख्य भागापासून तुटलेली बेटे आणि आतली भोके हमखास दिसतील. छेदात तुटलेले बेट त्रिमितीत मुख्य भागाला जोडलेले असू शकते, आणि एका छेदावरून ते कळण्याचा मार्ग नाही. बेटे वगळायची की ठेवायची, यापैकी एक पद्धत निवडा आणि ती शेवटपर्यंत बदलू नका.

सहावी पायरी: प्रत्येक जागी किती वेळ प्रक्षुब्ध

मध्यरेषेपासूनच्या प्रत्येक अंतरावर, एकूण चित्रांपैकी किती चित्रांत ती जागा आत होती, याचे गुणोत्तर काढा. हा झाला अधूनमधूनपणाचा गुणांक. मध्यरेषेवर तो १ असतो आणि दूर बाहेर ०. सपाट भिंतीलगतच्या सीमास्तरात (बाउंडरी लेयर, म्हणजे भिंतीमुळे मंदावलेला प्रवाहाचा थर) कॉर्सिन आणि किस्लर, तसेच क्लेबनॉफ यांच्या १९५० च्या दशकातील मोजमापांनुसार सीमेची सरासरी जागा सीमास्तराच्या जाडीच्या सुमारे चार-पंचमांशावर असते आणि तिचे प्रमाण विचलन त्या जाडीच्या सुमारे १५ टक्के असते. सीमेच्या जागेच्या वारंवारता आलेखाचा आकार बहुतांशी घंटेसारखा येतो. आपल्या जेटमध्येही तसाच आकार मिळाला पाहिजे.

यात एक सांख्यिकी सापळा आहे. मोबाइलने सेकंदाला २४० चित्रे घेतली म्हणून २० सेकंदांत ४,८०० स्वतंत्र नमुने मिळाले असे होत नाही. २० सेंटीमीटर अंतरावरच्या मोठ्या भोवऱ्याला उलटायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो, त्यामुळे एका खेपेत खऱ्या अर्थाने स्वतंत्र चित्रे साठच्या आसपासच असतात. त्रुटिपट्ट्या (एरर बार) काढताना हाच आकडा वापरा आणि प्रयोग अनेकदा करा.

सातवी पायरी: कडेची लांबी आणि ती का महत्त्वाची

जेट बाहेरचे पाणी आत ओढून घेतो, याला एन्ट्रेनमेंट म्हणतात, आणि त्याचे प्रमाण थक्क करणारे असते. रिकू आणि स्पाल्डिंग यांनी १९६१ मध्ये थेट मोजून दाखवले की गोल जेटमधील एकूण प्रवाह मूळ प्रवाहाच्या ०.३२ पट गुणिले अंतर भागिले तोंडाचा व्यास इतका होतो. आपल्या टाकीत २० सेंटीमीटर म्हणजे १०० व्यास, म्हणून तेथून सेकंदाला मूळच्या ३२ पट, सुमारे १०० मिलिलिटर पाणी वाहत असते. त्यासाठी कडेकडे येणाऱ्या बाहेरच्या पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला दोन-अडीच मिलिमीटर असावा लागतो. कूलरशेजारचा धूर झोताकडे का कलतो, ते यावरून कळेल.

मग प्रश्न पडतो: पाण्याला फिरायला लावण्याचे काम श्यानतेचे, तर श्यानता बदलली की एन्ट्रेनमेंटही बदलायला हवे; प्रत्यक्षात रेनॉल्ड्स अंक पुरेसा मोठा असला की ते बदलत नाही. या कोड्याची उकल कडेच्या घड्यांमध्ये आहे. सीमा बाहेर सरकण्याचा स्थानिक वेग कोल्मोगोरोव्ह वेगाच्या, म्हणजे सर्वांत लहान भोवऱ्यांच्या वेगाच्या, प्रमाणात असतो, आणि हा वेग मोठ्या भोवऱ्यांच्या वेगाच्या तुलनेत रेनॉल्ड्स अंकाच्या एक-चतुर्थांश घाताने कमी होतो. दुसरीकडे, के. आर. श्रीनिवासन आणि चार्ल्स मेनव्हो यांनी १९८६ मध्ये मोजून सांगितले की ही सीमा फ्रॅक्टलसारखी, म्हणजे जवळून पाहावे तशा नव्या घड्या दाखवणारी, आहे आणि तिची मिती २.३५ च्या जवळपास आहे. मिती सात-तृतीयांश धरली, तर सपाट पृष्ठभागाच्या तुलनेत तिचे क्षेत्रफळ मोठ्या व लहान लांबींच्या गुणोत्तराच्या एक-तृतीयांश घाताने वाढते. ते गुणोत्तर स्वतः रेनॉल्ड्स अंकाच्या तीन-चतुर्थांश घाताने वाढत असल्यामुळे, क्षेत्रफळ रेनॉल्ड्स अंकाच्या एक-चतुर्थांश घाताने वाढते. वेग जेवढा घटतो तेवढेच क्षेत्रफळ वाढते, आणि गुणाकार श्यानतेवर अवलंबून राहत नाही. हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहावा. अर्ध्या पानात संपतो.

आपल्या चित्रांतून मिती काढण्यासाठी पेटी-मोजणी करा: चित्रावर ठरावीक मापाच्या चौकोनांची जाळी टाकून कड किती चौकोनांतून जाते ते मोजा, माप बदलत न्या, आणि दोन्हींच्या लॉगरिथमांचा आलेख काढा. छेदातील रेषेची मिती पृष्ठभागाच्या मितीपेक्षा एकने कमी, म्हणजे १.३५ च्या आसपास अपेक्षित आहे. मात्र खालची मर्यादा पडद्याची जाडी, २ मिलिमीटर, आणि वरची मर्यादा जेटची रुंदी, तीन-चार सेंटीमीटर. मधे जेमतेम पंधरा-वीसपट विस्तार उरतो आणि त्यात निखळ सरळ रेषा मिळेल अशी आशा धरू नये. कॅट्राकिस आणि डिमोटाकिस यांनी १९९६ मध्ये जेटमधील समान-सांद्रता पृष्ठांची (जेथे रंगाचे प्रमाण सारखे असते अशा पृष्ठांची) मिती मापागणिक बदलते असेही दाखवले होते. आलेख थोडा वाकला तर तो वाकलेलाच छापा.

बाहेरचे पाणी आत कसे येते, याबद्दल दोन मते दीर्घकाळ होती. ब्राउन आणि रोश्को यांनी १९७४ मध्ये मिश्रणस्तरात (वेगवेगळ्या वेगांच्या दोन प्रवाहांमधल्या थरात) मोठ्या, सुसंघटित भोवऱ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केल्यावर, बाहेरचा द्रव मोठमोठ्या घासांनी गिळला जातो आणि आत गेल्यावर पचतो, हे मत बळावले. पुढे २००२ मध्ये जोसेफ मॅथ्यू आणि अमित बसू यांच्या संगणकीय अभ्यासाने, आणि त्यानंतर वेस्टरवील यांच्या प्रयोगाने, जेटमध्ये गिळण्याचा वाटा लहान असून बहुतेक द्रव कडेवर कुरतडण्यानेच, म्हणजे पातळ थरात श्यानतेमुळे थोडाथोडा फिरू लागूनच, आत येतो, असे दाखवले. तुमच्या चित्रफितीत खोल खाचा दिसतील, तेव्हा गिळण्याच्या बाजूने मत देण्याची घाई होईल. खाचेतले पाणी मुख्य भागाने सर्व बाजूंनी वेढले जाण्यापूर्वीच रंगीत झाले का, हे चित्रामागून चित्र तपासा. तीनमितीय वेढा एका छेदात ठरवता येत नाही, एवढी पुस्ती मात्र जोडा.

आठवी पायरी: खऱ्या व्हॉर्टिसिटीकडे

रंगावर हात बसला की जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रक्षुब्धता-माहितीकोशाकडे वळा. तेथे सीमास्तराच्या संक्रमणाची संपूर्ण संगणकीय माहिती विनामूल्य उपलब्ध आहे आणि पायथनमधून हवा तेवढा तुकडा मागवता येतो. व्हॉर्टिसिटीच्या परिमाणावर उंबरठा लावा, पाचव्या पायरीतला सपाट पट्टा येथेही शोधा, आणि मग सीमेच्या प्रत्येक बिंदूवर लंब काढून त्या लंबावरील अंतरानुसार सरासरी घ्या. भिंतीपासूनच्या अंतरानुसार घेतलेली नेहमीची सरासरी सीमेच्या येजा करण्यामुळे पसरट होते. सीमेवरून मोजलेली सरासरी मात्र काही कोल्मोगोरोव्ह लांबींमध्येच शून्यावरून झेप घेते. हे दोन आलेख एकाच कागदावर काढून पाहिले की पहिल्या पायरीतले सर्व म्हणणे डोळ्यांपुढे उभे राहते. लंब काढताना तो खोल खाचेत दुसऱ्यांदा सीमा ओलांडतो का ते पाहावे आणि ओलांडत असल्यास सरासरी तेथेच थांबवावी.

महाविद्यालयात हॉट-वायर (तापवलेल्या बारीक तारेने वेग मोजणारे उपकरण) असेल तर तीही वापरता येते, पण एकाच तारेने व्हॉर्टिसिटी मोजली जात नाही. त्या वेळी वेगाच्या काळानुसार बदलाचा वर्ग घेऊन, थोडा गुळगुळीत करून, त्यावर उंबरठा लावतात. बाहेरचे न फिरणारे चढउतार संथ असल्यामुळे बहुतांशी या उंबरठ्याच्या खालीच राहतात.

नववी पायरी: आकाशाकडे वळण्यापूर्वी

या विषयातला विद्यार्थी लवकरच वातावरणाकडे ओढला जातो. नागपूरच्या हवामान केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या फुग्यांची पहाटेची आणि सायंकाळची निरीक्षणे संकेतस्थळांवर सहज मिळतात. मे महिन्यातल्या सायंकाळच्या निरीक्षणात विभव तापमान (हवा जमिनीजवळच्या दाबाला आणली तर तिचे जे तापमान होईल ते) जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंत जवळपास सारखे राहिलेले आणि मग एकाएकी वाढू लागलेले दिसते. दिवसभर तापलेल्या जमिनीने घुसळलेल्या हवेचा माथा तेथे असतो, आणि तोही प्रक्षुब्ध व अप्रक्षुब्ध भागांमधला सीमाप्रदेशच आहे.

पण वर केलेला युक्तिवाद तेथे जसाच्या तसा चालत नाही. पहिल्या पायरीत घनता सगळीकडे सारखी धरली होती. स्तरित हवेत घनता आणि दाब यांचे उतार एका रेषेत नसले की श्यानतेशिवायही व्हॉर्टिसिटी निर्माण होते, आणि माथ्याच्या वरच्या शांत हवेत पसरणाऱ्या गुरुत्वीय लहरींमध्येही (उत्प्लावक बलाने वरखाली होणाऱ्या हवेच्या लहरींमध्ये) ती असते. तेव्हा केवळ व्हॉर्टिसिटीवर उंबरठा लावला तर लहरींनाही प्रक्षुब्ध ठरवण्याची चूक होते; संशोधक अशा ठिकाणी विभव व्हॉर्टिसिटीवर (व्हॉर्टिसिटी आणि घनतेचा उतार यांच्या गुणाकारावर) उंबरठा लावतात, कारण लहरींमध्ये ती जवळपास बदलत नाही. ती काढायला घनतेचा त्रिमितीय उतार लागतो, जो एका फुग्याच्या निरीक्षणातून मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षभरात सारख्या घनतेच्या पाण्यावर आणि माहितीकोशातील सीमास्तरावरच काम करावे, आणि फुग्यांच्या नोंदींचा उपयोग माथ्याची उंची वाचण्यापुरताच ठेवावा.